ड्रायव्हर अपडेटनंतर सीपीयू काम नसतानाही गरम: माझा अनुभव

लक्षण असं: विंडोज संगणकावर चिपसेट ड्रायव्हर (मदरबोर्डवरच्या चिप्स आणि विंडोज यांना जोडणारं सॉफ्टवेअर) अपडेट केल्यापासून, एकही प्रोग्रॅम उघडा नसताना सीपीयूचं (मुख्य प्रोसेसरचं) तापमान ३८-४० अंशांवरून थेट ५५-५८ वर. टास्क मॅनेजरमध्ये वापर जेमतेम २ टक्के, पण त्याच पानावरचा ‘स्पीड’ सतत कमाल आकड्याला चिकटलेला. खरी खूण हीच. काम नसताना हा आकडा खाली यायला हवा.

पंखे साफ केले, थर्मल पेस्ट (सीपीयूची उष्णता कूलरकडे नेणारा लेप) बदलली, जुना ड्रायव्हरही परत टाकला, फरक शून्य. वैताग आला.

शेवटी कारण पॉवर प्लॅनमध्ये, म्हणजे संगणकाने वीज कशी वापरायची हे ठरवणाऱ्या सेटिंग्जच्या संचात, सापडलं. अपडेटने स्वतःचा प्लॅन टाकून तोच चालू केला होता आणि ड्रायव्हर मागे घेतला तरी प्लॅन तसाच राहिला.

आधी कंट्रोल पॅनेलमधल्या ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये जाऊन ‘बॅलन्स्ड’ निवडा. त्याच्यासमोरच्या ‘चेंज प्लॅन सेटिंग्ज’मधून ‘चेंज ॲडव्हान्स्ड पॉवर सेटिंग्ज’ उघडा. तिथे ‘प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट’खाली ‘मिनिमम प्रोसेसर स्टेट’ पाहा, म्हणजे काम नसतानाही सीपीयूचा वेग कमीत कमी किती ठेवायचा तो आकडा. माझ्याकडे तिथे १०० टक्के होते, ते ५ केले. लॅपटॉपवर बॅटरी आणि चार्जर असे दोन आकडे दिसतात, दोन्ही बदला. ‘मॅक्सिमम’ला हात लावू नका. मग ‘अप्लाय’, ‘ओके’ आणि रीस्टार्ट.

सुरू झाल्यावर लगेच तापमान बघू नका, पार्श्वभूमीची कामं उरकू द्या. माझं ४० वर स्थिरावलं. पुढच्या ड्रायव्हर अपडेटनंतर कोणता प्लॅन चालू आहे ते मात्र पुन्हा तपासा.