आधी होल्ड, मग हात: आरसी हेलिकॉप्टरच्या या चुका टाळा

रविवारी सकाळी माळावर कुणी नवीन आरसी, म्हणजे रिमोटवर उडणारं, हेलिकॉप्टर घेऊन आलं की मी आधी त्याच्या ट्रान्समीटरवरचा (हातातल्या रिमोटवरचा) थ्रॉटल होल्डचा, म्हणजे मोटर बंदच धरून ठेवणारा, स्विच बघतो. बहुतेकांनी तो टाकलेलाच नसतो. सांगून सांगून घसा कोरडा पडला, तरी पुन्हा लिहितो.

450 साइझच्या मॉडेलला लोक खेळणं समजतात. त्याच्या पात्यांचा व्यास जेमतेम 70 सेंटिमीटर, पण मिनिटाला 2800 फेरे घेताना पात्याचं टोक ताशी 350 किलोमीटरच्या वर पळत असतं. 2013 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये 19 वर्षांचा एक मुलगा स्वतःच्याच हेलिकॉप्टरचं पातं लागून गेला.

आमच्या डोळ्यांदेखत घडलेलं सांगतो. पुण्याजवळच्या सूसच्या पलीकडचा माळ. आमच्यातल्याच एकाने छान उतरवलं, स्टिक खाली घेतली, पाती थांबली. होल्ड टाकला नाही. ट्रान्समीटर गळ्यात लटकत होता. मॉडेल उचलायला तो वाकला आणि टेल बूम (शेपटीची दांडी) ट्रान्समीटरवरच्या आयडल-अपच्या स्विचला घासली. नॉर्मल मोडमध्ये स्टिक खाली म्हणजे मोटर बंद. आयडल-अपमध्ये स्टिक कुठेही असो, मोटर पूर्ण वेगाने फिरते. उजवा हात रोटरच्या हेडवर होता. जॅकेटची बाही कोपरापर्यंत उभी फाटली, खाली सात टाके. स्विच चुकीच्या जागी असेल तर ट्रान्समीटर सुरू होतानाच ओरडतो, ती सूचनाही त्याने बंद करून ठेवली होती. का, तर रोज कटकट होते म्हणून! त्या दिवशी ती सूचना कामी आली नसती हे खरं, पण जो माणूस तिला कटकट म्हणतो तो होल्डलाही कटकटच म्हणतो.

माझी सवय अशी: उतरलं की होल्ड, आणि तोंडाने मोठ्याने "होल्ड" म्हणायचं. पाती पूर्ण थांबेपर्यंत जागचं हलायचं नाही. मग जवळ जाऊन एका हाताने हेड धरायचं, दुसऱ्याने बॅटरी काढायची. उचलणं त्यानंतर. ट्रान्समीटर सगळ्यात आधी चालू, सगळ्यात शेवटी बंद.

घरी टेबलावर सेटिंग करताना मोटरच्या तीनपैकी दोन वायरी काढून ठेवा. "फक्त सर्व्होच (पाती कलवणारी छोटी मोटर) तर बघायचाय" हे वाक्य मला ऐकवू नका.

अंतराचंही तेच. स्वतःपासून किमान दहा मीटर, आणि बघणारे नेहमी तुमच्या पाठीमागे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पोरं गोळा झाली की उडवायचा मोह होतो. मी तिथे बॅटरी जोडतच नाही. वेताळ टेकडीवर तर सकाळी फिरायला येणाऱ्यांची रांग असते, तिथे नकोच.

पात्याला बारीकशी चीर दिसली तरी ते फेकून द्या, फेव्हिक्विक लावू नका. बॉल लिंक (सर्व्होला पात्यांशी जोडणाऱ्या दांडीचा सांधा) सैल लागली तर बदला. फुगलेली लायपो (हेलिकॉप्टरची लिथियम बॅटरी) चार्ज करू नका, आणि चांगली असली तरी चार्जिंगला लावून जेवायला जाऊ नका.

पहिल्याच आठवड्यात उलटं उडवायचं असेल तर ते सिम्युलेटरवर उडवा. मी तिथे तीन महिने काढले, मगच खरं मॉडेल जमिनीवरून उचललं.

आणि पुण्यात लोहगावचा विमानतळ आहे, खडकवासल्याला एनडीए आहे. नव्या जागी जाण्याआधी सरकारच्या डिजिटल स्काय या संकेतस्थळावरच्या उड्डाण-नकाशावर ती जागा लाल, पिवळी की हिरवी, ते घरूनच बघून निघा.