वकील-आमदाराची कारकीर्द कशी मांडावी: जॉर्ज नॉरिस यांचा रोजनामा

दर रविवारी सकाळी नागपुरात धरमपेठेतल्या आमच्या घरी कायद्याची पाच-सात मुलं जमतात. एक जण वीस मिनिटं एखाद्या जुन्या वकील-लोकप्रतिनिधीवर बोलतो, मग सगळ्यांसाठी तर्रीपोहे. गेल्या महिन्यात एका मुलीने अमेरिकेचे सिनेटर जॉर्ज नॉरिस निवडले. तिच्या खर्ड्यात जन्म, पदवी, पदं, मृत्यू सगळं बरोबर होतं. पण त्या माणसाने चाळीस वर्षं केलं काय, ते सापडेना. तिला जे सांगितलं तेच इथे मांडतो. माझी बेचाळीस वर्षं कोर्टात गेली, तेव्हा पद्धतही कोर्टाचीच आहे.

सर्वांत आधी रोजनामा करा. कोर्टाच्या फाइलमध्ये असतो तसाच: तारीख, काय घडलं, विशेषण एकही नाही. १८६१ ओहायोत जन्म. १८८३ कायद्याची पदवी. १८८५ नेब्रास्का राज्यात वकिली, पुढे काउंटीचे सरकारी वकील. १८९५ ला जिल्हा न्यायाधीश म्हणून निवडून आले (तिथे न्यायाधीशही मतांवर निवडतात, हे श्रोत्यांना तिथल्या तिथे सांगा). १९०३ ते १९१३ प्रतिनिधिगृह (अमेरिकी संसदेचं कनिष्ठ सभागृह), १९१३ ते १९४३ सिनेट (वरिष्ठ सभागृह). १९४४ ला मृत्यू. बोलताना याला एक मिनिट पुरे.

मग एक दिवस निवडा आणि तिथे थांबा. नॉरिस यांच्या बाबतीत तो १७ मार्च १९१०.

तेव्हा प्रतिनिधिगृहाचे अध्यक्ष जोसेफ कॅनन स्वतःच नियम समितीचे प्रमुख होते, बाकी समित्याही तेच नेमत. कोणतं विधेयक चर्चेला येणार हे त्यांच्या हातात. नॉरिस त्यांच्याच, रिपब्लिकन पक्षाचे. अध्यक्षांना नियम समितीतून काढण्याचा ठराव लिहून ते संधीची वाट पाहत होते. त्याच सुमारास जनगणनेचा एक विषय क्रम मोडून पुढे घेतला गेला. कारण दिलं की जनगणना संविधानानेच सांगितली आहे, म्हणून तिला अग्रक्रम. नॉरिस उठले. स्वतःचे नियम ठरवण्याचा अधिकारही सभागृहाला संविधानानेच दिला आहे, मग नियम बदलण्याच्या माझ्या ठरावालाही तोच अग्रक्रम हवा! समोरच्याचा युक्तिवाद जसाच्या तसा उचलून त्याच्यावरच लावला. मला हा भाग वाचताना दर वेळी उभं राहून दाद द्यावीशी वाटते. रात्रभर वाद चालला. १९ मार्चला अध्यक्षांनी ठराव नियमबाह्य ठरवला, सभागृहाने तो निर्णयच फिरवला, आणि ठराव १९१ विरुद्ध १५६ मतांनी मंजूर झाला.

इथे आपल्या संविधानाचं कलम २०८ मोठ्याने वाचा. विधानसभेला आणि परिषदेला आपले कामकाजाचे नियम करण्याचा अधिकार तेच देतं. मग ऐकणाऱ्याला नॉरिस यांचा डाव लगेच कळतो.

साधनांबद्दल एक सावधगिरी. अमेरिकी संसदेचं छापील कामकाज, काँग्रेशनल रेकॉर्ड, आज घरबसल्या वाचता येतं. पण सदस्यांना छपाईपूर्वी आपल्या भाषणात दुरुस्ती करायची मुभा असते. म्हणून भाषण साक्षीदाराच्या जबानीसारखं वाचा, आणि नावानिशी नोंदलेलं मतदान दस्तऐवजासारखं.

पुढची पायरी म्हणजे कायद्याचं मूळ शोधणं. १९३२ चा नॉरिस-ला गार्डिया कायदा घ्या. कामगारांच्या वादात संघराज्याच्या कोर्टांनी मनाई हुकूम काढण्यावर त्याने कडक बंधनं घातली, आणि ‘युनियनमध्ये जाणार नाही’ असा नोकरीपूर्वी लिहून घेतलेला करार अंमलबजावणीला नालायक ठरवला. माझे वडील इथल्या एम्प्रेस कापड गिरणीत होते, त्यामुळे हा कायदा मला पुस्तकातला वाटत नाही. मालकाच्या अर्जावर निघालेला एक हुकूम संपाचं काय करतो, हे कोर्टात वावरलेल्या माणसालाच नीट ठाऊक असतं. तसंच, १८९० च्या दशकातल्या दुष्काळात न्यायाधीश नॉरिस यांच्यापुढे शेतकऱ्यांच्या गहाण जमिनींचे दावे येत. फेडण्याची शक्यता दिसली की ते मुदत देत. विदर्भातल्या श्रोत्यांना हे वेगळं समजवावं लागणार नाही.

हरलेली मतदानं वगळू नका. ४ एप्रिल १९१७ ला पहिल्या महायुद्धात उतरण्याच्या ठरावावर सिनेटमध्ये ८२ विरुद्ध ६ मतं पडली; त्या सहांत नॉरिस होते. नॉरिस यांची टेनेसी नदीवरच्या सार्वजनिक विजेची योजना १९२८ ला राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी आणि १९३१ ला राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी नकाराधिकाराने अडवली, १९३३ ला ती राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सहीने झाली. आपली दामोदर खोरे योजना त्याच नमुन्यावरची. नॉरिस यांनीच पुढे रेटलेली अमेरिकेची विसावी घटनादुरुस्ती एका ओळीत सांगा: निवडणूक हरलेले सदस्य महिनोन्‌महिने कायदे करत बसायचे, ते थांबलं.

शेवटचा भाग नागपूरकरांसाठी. डिसेंबरात अधिवेशन आलं की सिव्हिल लाइन्समधल्या विधान भवनात २८८ आणि ७८ सदस्यांची दोन सभागृहं आपल्याला दिसतात. नॉरिस यांनी १९३४ ला गावोगाव फिरून नेब्रास्काच्या मतदारांकडून दुसरं सभागृहच रद्द करवलं. १९३७ ला १३३ सदस्यांच्या जागी ४३ जण बसले. दोन्ही सभागृहांचे मसुदे जुळवणारी मूठभरांची समिती बंद दाराआड विधेयक बदलते, हा त्यांचा आक्षेप. पण तो आक्षेप उचलून आपल्या परिषदेवर चिकटवू नका. आपल्याकडे तशी समिती नाही. कलम १९७ प्रमाणे परिषद विधेयक लांबवू शकते, कायमचं अडवू शकत नाही. दोन्ही व्यवस्था शेजारी ठेवा आणि प्रश्न श्रोत्यांपुढे टाका. त्या मुलीने तसं केलं तेव्हा चर्चा दीड तास चालली आणि पोहे गार झाले.

खर्डा शनिवारी संध्याकाळपर्यंत माझ्याकडे आणून द्या. पानाच्या डाव्या बाजूला समास सोडा, तिथे मी तारखा तपासून खूण करतो.