व्यक्तिगत वेबसाइटची रचना कशी पारखावी

जळगावचा वास्तुविशारद असो, धुळ्याचा वकील असो की रावेर-यावल पट्ट्यातील केळी सल्लागार, स्वतःच्या नावाची वेबसाइट तयार झाल्यावर ती लॅपटॉपच्या मोठ्या पडद्यावर पाहूनच बहुतेक जण पसंत करतात. प्रत्यक्षात येणारा माणूस मात्र ती मोबाइलवर, घाईत आणि बहुधा व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून उघडतो. म्हणून परीक्षण मोबाइलपासूनच सुरू करावे. वाय-फाय बंद ठेवावे आणि फोन शक्यतो साधा, दोन-चार वर्षे वापरलेला घ्यावा.

बोटाने पडदा वर न सरकवता जेवढे दिसते, तेवढ्यात तीन गोष्टी कळल्या पाहिजेत: ही व्यक्ती कोण, नेमके काय करते आणि कुठे काम करते. 'माझ्या विश्वात आपले स्वागत आहे' या वाक्यातून यांपैकी काहीच कळत नाही. 'जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत घरांचे आराखडे व बांधकामावर देखरेख' या ओळीतून कामही कळते आणि कार्यक्षेत्रही. याची खात्री करण्यासाठी आपल्या व्यवसायाशी संबंध नसलेल्या माणसाच्या हाती फोन द्यावा, क्षणभराने परत घ्यावा आणि 'हा माणूस काय काम करतो?' एवढेच विचारावे. 'वेबसाइट कशी वाटली?' असे विचारू नये, कारण आपल्याकडे लोक भिडेखातर 'भारी शे' म्हणून मोकळे होतात आणि दोष आहेत तिथेच राहतात.

सर्वाधिक वेळ मराठी मजकुरावर द्यावा, कारण वेबसाइटचे तयार साचे सहसा रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात. इंग्रजी शीर्षकांना शोभून दिसावे म्हणून अक्षरांमध्ये ठेवलेले जादा अंतर देवनागरीला लागू झाले की शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटलेला दिसतो. त्यामुळे मराठीपुरते ते अंतर शून्य करायला सांगावे. वेलांटी, रफार आणि उकार यांना वर-खाली जागा लागते, म्हणून दोन ओळींमधील अंतर अक्षराच्या आकाराच्या दीडपटीहून थोडे अधिक असलेले बरे. 'दुसऱ्या' (त्यातल्या अर्ध्या र साठी) आणि 'ॲड.' हे दोन शब्द मुद्दाम पाहावेत: काही जुन्या फॉन्टमध्ये 'ॲ' नसतो, आणि वकिलाच्या नावाआधीच रिकामा चौकोन दिसणे किंवा तेवढेच अक्षर वेगळ्या वळणाचे दिसणे बरे नव्हे. एखादे वाक्य बोटाने दाबून निवडावे आणि व्हॉट्सॲपवर चिकटवून पाहावे. तिथे भलतीच चिन्हे उमटली तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांना समजणाऱ्या अक्षरसंकेतात, नाही. आणि तो निवडताच येत नसेल, तर बहुधा फलकासारखे चित्र करून चढवला आहे. असा मजकूर शोधयंत्राच्या हाती नीट लागत नाही आणि दृष्टिहीन व्यक्तीचा फोन तो वाचून दाखवेल याची खात्री नसते.

रंगांची परीक्षा भर दुपारी बाहेर उभे राहून करावी. भुसावळच्या मे महिन्यातल्या उन्हात फिकट राखाडी अक्षरे पडद्यावर उरतच नाहीत. सुगमतेच्या, म्हणजे दिव्यांगांनाही वेबसाइट वापरता यावी यासाठीच्या, आंतरराष्ट्रीय निकषांनुसार साध्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा विरोधभेद (दोन्हींच्या उजळपणाचे प्रमाण) किमान ४.५ : १ असावा लागतो. केळीची आठवण म्हणून पांढऱ्यावर पिवळी अक्षरे घेण्याचा मोह झालाच, तर हे प्रमाण कसेबसे १ : १ च्या आसपास राहते. पिवळा रंग हवाच असेल, तर तो पट्टीला द्यावा आणि तिच्यावरची अक्षरे गडद ठेवावीत.

वेगासाठी गूगलचे 'पेजस्पीड इनसाइट्स' हे मोफत साधन पुरे आहे: पानावरील सर्वांत मोठा घटक २.५ सेकंदांच्या आत दिसला, तर वेग चांगला समजला जातो. तसे होत नसेल, तर कॅमेऱ्यातून काढलेले मोठे फोटो जसेच्या तसे चढवलेले आहेत का, हे आधी तपासावे.

फोटोंकडे मात्र वेगाच्या पलीकडे जाऊनही पाहावे लागते. हस्तांदोलन करणाऱ्या अनोळखी परदेशी माणसांचे विकतचे फोटो व्यक्तिगत वेबसाइटवर माझ्या मते सपशेल गैर आहेत. त्यापेक्षा आपण बांधलेल्या घराचा साधा फोटो, खाली गाव आणि वर्ष, एवढे असले तरी विश्वास बसतो. वकिलांनी आणखी एक तपासणी करावी. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ नुसार त्यांना जाहिरातीला मनाई आहे आणि २००८ च्या दुरुस्तीने वेबसाइटवर नाव, संपर्क, नोंदणी, शिक्षण आणि कामाचे क्षेत्र अशी ठरावीक माहितीच देण्याची मुभा मिळाली. त्यामुळे जिंकलेल्या खटल्यांची यादी किंवा पक्षकारांची प्रशस्तिपत्रे रचनेत कितीही शोभली तरी काढून टाकावीत.

शेवटी संपर्काचा क्रमांक बोटाने दाबून पाहावा. थेट फोन लागला पाहिजे. चौकशीचा फॉर्म असल्यास तो स्वतः भरून पाठवावा आणि निरोप कोणत्या ई-मेलवर येतो ते पाहावे, कारण तो वेबसाइट बनवणाऱ्याच्याच पत्त्यावर जात राहिल्याचे प्रकार घडतात. सापडलेले दोष कळवताना 'जरा आकर्षक करा' असे मोघम न लिहिता कोणते पान, कोणता फोन आणि नेमके काय बिघडते, हे स्क्रीनशॉटसह लिहावे. संपर्क आणि वाचनीयता यांतील दोष आधी दुरुस्त करून घ्यावेत, आणि रंगरूपाच्या सूचना त्यानंतर द्याव्यात.