दोन शिक्षकी शाळेत एकटं पडलात तर शाळा कशी चालवायची

जूनमध्ये शाळा भरून आठवडा झाला न झाला तोच आमच्या सरांना कामगिरीवर काढलं, म्हणजे तात्पुरतं दुसरीकडे कामाला लावलं, पंधरा दिवसांसाठी म्हणे, ते पंधरा दिवस दिवाळीपर्यंत चालले. मागे राहिले मी, पहिली ते चौथीचा 37 पट, दोन खोल्या आणि एक व्हरांडा. तेवढ्या दिवसांत जे जमलं आणि जे फसलं ते लिहितेय, कारण दर वर्षी कोणी ना कोणी माझ्या जागी असतंच.

पहिल्या दिवशी मी काय केलं तर चारही वर्ग चार कोपऱ्यांत बसवले आणि या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात पळत राहिले. पहिलीला 'क' गिरवायला दिला आणि चौथीच्या भागाकाराकडे वळले, तीन मिनिटांत एक पोर पाटी घेऊन मागे उभं, "बाई, झालं", त्याला शाबास म्हणेपर्यंत अजून चार पाट्या. साडेचारला घसा बसलेला आणि भागाकार होता तिथंच. हे करू नका. एका माणसाला चार वर्ग एका वेळी शिकवता येत नाहीत, त्यामुळे वर्ग वाटण्यापेक्षा वेळ वाटायचा.

आमची वाटणी शेवटी अशी बसली. परिपाठ झाला की पहिला दीड तास पूर्ण पहिली-दुसरीचा, कारण ज्याला वाचता येत नाही तो एकटा बसूच शकत नाही, आणि सकाळी ती ताजी असतात. तेवढा वेळ तिसरी-चौथी व्हरांड्यात, मला दिसतील अशी, आणि त्यांचं काम आदल्या संध्याकाळीच फळ्यावर लिहून ठेवलेलं. सकाळी आल्यावर लिहू म्हणलात तर संपलं, तेवढ्यात कोणाचा तरी पालक दाखल्याला येतो. जेवणानंतर उलटं, लहान मुलं चित्रं, मणी, काड्या यात आणि मी मोठ्यांजवळ.

परिसर अभ्यास आणि गोष्टी सगळ्यांना एकत्रच घ्या. विषय एकच, समजा पाणी, पहिलीने चित्र काढायचं, दुसरीने शब्द लिहायचे, तिसरीने पाच वाक्यं आणि चौथीने हंड्यात किती तांबे बसतात ते मोजून मांडायचं. शिवाजी महाराजांचा इतिहास चौथीचा, पण सगळी शाळा बसवून सांगितला तर पहिलीतलं पोरगंही तोंड उघडं टाकून ऐकतं. गणिताला मात्र हा उपाय चालत नाही. तिथं प्रत्येक वर्गाला रोज वीस मिनिटं तरी समोरासमोर लागतात, बाकी वेळ दहा-दहा काड्यांचे गठ्ठे, शंभर मण्यांची माळ, खेळातल्या नोटा, असलं काहीतरी हातात. साताऱ्याच्या कुमठे बीटच्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या शाळांचा गट) शाळांनी फरशीवर आखून घेतलेलं साहित्य बऱ्याच जणांना माहीत असेल, ते एकट्या शिक्षकाला फार उपयोगी पडतं, कारण फरशी वाटावी लागत नाही, गोळा करावी लागत नाही आणि हरवत पण नाही.

चौथीच्या पोरींना पहिलीला वाचून दाखवायला लावा, पण दहा मिनिटं, बास. मी सुरुवातीला हे फार केलं, आमची एक हुशार पोरगी दिवसभर छोटी बाई बनून फिरायची, मला बरं वाटायचं, आणि घटक चाचणीत तिचाच भागाकार कच्चा निघाला. ती चूक माझी.

आता शिकवण्यापेक्षा जास्त वेळ जे खातं ते. खिचडी. पहिली ते पाचवीला माणशी 100 ग्रॅम तांदूळ, म्हणजे 37 हजर तर 3 किलो 700 ग्रॅम, तर हजेरी झाल्या झाल्या आकडा स्वयंपाकाच्या मावशींकडे गेला पाहिजे, नाहीतर त्या विचारायला वर्गात येतात आणि वर्ग उठतो. मी दाराला एक पाटी अडकवली, चौथीचा एक मुलगा त्यावर आकडा लिहून यायचा. चव बघायला आणि वाढायला शाळा व्यवस्थापन समितीतल्या आयांची वारं लावून घेतली. समितीत 75 टक्के पालक असतात ते मीटिंगला सह्या करण्यापुरते थोडेच. चव मी पण घ्यायचेच, पण वाढपाची अर्धी धावपळ वाचली.

मग ऑनलाईन माहिती. शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वरून "तात्काळ" लिहून येणाऱ्या दहातल्या आठ गोष्टी त्याच त्याच असतात, वर्गनिहाय पट, मुलं-मुली, प्रवर्ग, खोल्या, स्वच्छतागृहं, शाळेचा अकरा अंकी सरकारी ओळख क्रमांक म्हणजे यूडायस नंबर, खाते क्रमांक. हे सगळं एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा आणि दर महिन्याला पट सुधारा. आणि फोन शाळेच्या वेळात रिंगवर ठेवा पण ग्रुप म्यूट. ज्याला खरंच घाई असते तो फोन करतो, हा माझा अनुभव.

गावात डी.एड. झालेली एखादी सून किंवा घरी बसलेला पदवीधर असतोच. त्यांना बोलवा, पण आधी समितीचा ठराव करा, मानधन लोकवर्गणीतून द्यायचं तर तेही ठरावात लिहा. हजेरीपत्रक त्यांच्या हातात द्यायचं नाही आणि मुलं त्यांच्यावर सोडून आपण तालुक्याला जायचं नाही, काही झालं तर उत्तर आपल्याला द्यायचंय. मदत वाचनाची घ्या, लहानांच्या गटात बसून.

आजारी पडणार आहात हे धरूनच चाला. केंद्रप्रमुखांना, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणाऱ्यांना, सकाळी दहाला नाही, आदल्या रात्री कळवा, म्हणजे केंद्रातल्या एखाद्या शाळेतून कोणीतरी येऊ शकतं. येणाऱ्यासाठी एक फाईल टेबलावर ठेवा, कोणाला फिट येते, कोण लांबच्या वस्तीवरून येतो, किल्ल्या कुठं, कोणत्या वर्गाचं कोणतं पान चालू. माझ्या जागी एक दिवस आलेल्या सरांनी ती फाईल वाचून फक्त एवढंच विचारलं, की घंटा कुठंय. ते लिहायचं राहिलं होतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे मी दीड महिना केलंच नाही. आपण भागवून नेतो, शाळा उघडी असते, खिचडी शिजते, माहिती वेळेवर जाते, त्यामुळे वर कोणाला माणूस कमी आहे हे दिसतच नाही. लिहा. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात 60 पर्यंत पटाला दोन शिक्षक आहेत. कलम 25 सांगतं की शाळेवरचा शिक्षक दुसऱ्या शाळेत किंवा ऑफिसात कामाला लावायचा नाही, आणि कलम 27 मध्ये सूट आहे ती जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढ्याचीच. ही दोन कलमं घालून, समितीचा ठराव जोडून, केंद्रप्रमुखांमार्फत तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र द्या, भाषा साधी ठेवा, रडगाणं नको, नुसतं "अमुक तारखेपासून चार वर्गांना एक शिक्षक". कामगिरीचा आदेश तोंडी असेल तर लेखी मागा. दर महिन्याला तेच पत्र नव्या तारखेने. जावक नंबर टाका आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. ऑफिसात साहेबांच्या दाराबाहेर बसलेला कोणी म्हणेल ठेवून जा मॅडम, साहेब आले की देतो, तर बाकावर बसून राहा. माझी पहिली दोन पत्रं मी अशीच ठेवून आले होते, तिसऱ्या वेळी विचारलं तर कोणालाच सापडली नाहीत.