घरी विमान बांधताना: भोक, रिव्हेट, बोल्ट आणि दहा बोटं

अॅल्युमिनियमच्या किट विमानात, म्हणजे सुटे भाग आणून घरी जोडायच्या, अमेरिकेतल्या आरव्हीसारख्या पत्र्याच्या विमानात, हजारो रिव्हेट आणि शेकडो बोल्ट बसतात. त्यांतले बरेचसे एकदा वरचा पत्रा चढला की पुन्हा दिसत नाहीत. म्हणून ‘नंतर बघू’ हा शब्द या कामात चालत नाही. प्रत्येक जोड हाताखाली आहे तोवरच मोजायचा, पटला नाही तर तिथल्या तिथे काढायचा.

भोक चुकलं तर पुढचं सगळं चुकतं

पत्र्याच्या कामात दोन मापं सतत लागतात. ३/३२ इंची रिव्हेटला ४० नंबरचं ड्रिल बिट, म्हणजे ०.०९८ इंच. १/८ इंची रिव्हेटला ३० नंबरचं, म्हणजे ०.१२८५ इंच. भोक रिव्हेटपेक्षा केसभर मोठं हवं. ‘जवळचं’ मेट्रिक बिट लावू नका. भोक ढिलं झालं की रिव्हेट आत वाकतो आणि मग वरून कितीही ठोका, जोड घट्ट होत नाही.

पत्रे आधी क्लेकोंनी, म्हणजे भोकात बसणाऱ्या तात्पुरत्या स्प्रिंगच्या पिनांनी, एकत्र धरा. चंदेरी क्लेको ३/३२ चे, तांबूस १/८ चे. एकाआड एक भोकात लावले तर उत्तम. दोन्ही पत्रे एकत्र असतानाच अंतिम मापाचं भोक पाडा. ड्रिल काटकोनात, वेग जास्त, दाब हलका. मग सगळं पुन्हा उघडा. नव्या माणसाला हा उपद्व्याप वाटतो, पण पत्र्यांच्या मध्ये कीस अडकलेला असतो. तो राहिला तर फट राहते, आणि ठोकताना रिव्हेट त्या फटीतच फुगतो.

प्रत्येक भोकाच्या दोन्ही बाजूंना उठलेली धार घासून टाका. काउंटरसिंक बिट (शंकूच्या टोकाचं) हातातल्या मुठीत बसवून दोन-तीन हलके फेरे पुरेत. जास्त फिरवलंत तर पातळ पत्र्यात कडेला सुरीसारखी धार तयार होते. आणि उठलेली धार तशीच ठेवून डिंपल, म्हणजे रिव्हेटचं डोकं सपाट बसावं म्हणून भोकाभोवती दाबलेला खळगा, पाडलं, तर भोकाच्या काठावरून चीर निघते. ती बारीक असते, रंगाखाली लपते आणि काही वर्षांनी डोकं वर काढते.

भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत किमान अंतर ठेवा: गोल डोक्याच्या रिव्हेटला त्याच्या व्यासाच्या दुप्पट, सपाट डोक्याच्या रिव्हेटला अडीच पट. पत्र्यावर खुणा पेन्सिलीने करू नका, कारण ग्रॅफाइट आणि अॅल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांशी जमवून घेत नाहीत. तिथे गंज धरतो. मार्कर पेन वापरा. कोकण किनाऱ्यावर किंवा मुंबईत काम असेल तर ही सूचना दुप्पट महत्त्वाची.

रिव्हेट ठोकणं

एएन हे अमेरिकी विमानसामानाच्या मानकाचं नाव. एएन ४७० म्हणजे गोल डोक्याचा, एएन ४२६ म्हणजे पत्र्यात सपाट बसणारा. पुढचे ‘एडी’ हे मिश्रधातूचं नाव. अशा रिव्हेटच्या डोक्यावर मधोमध छोटा खळगा असतो. तो पुढे रिव्हेट काढताना कामाला येतो. एडी ४-५ मधला ४ म्हणजे व्यास ४/३२ इंच, ५ म्हणजे लांबी ५/१६ इंच.

लांबी ठरवताना पत्र्यांच्या एकूण जाडीत रिव्हेटच्या व्यासाची दीडपट मिळवा. १/८ च्या रिव्हेटचं शेपूट ठोकण्यापूर्वी साधारण ४.८ मिलिमीटर बाहेर दिसलं पाहिजे. ठोकून झाल्यावर मागचं डोकं व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्म्या उंचीचं व्हायला हवं: १/८ ला ४.८ मिलिमीटर रुंद, १.६ उंच. यासाठी छोटा गेज मिळतो, तो खिशात ठेवा आणि सुरुवातीच्या शंभर रिव्हेटांना प्रत्येकाला लावून बघा. त्यानंतर डोळा बसतो.

पुढून हवेवर चालणारी रिव्हेट गन डोक्यावर ठोकते आणि मागून बकिंग बार, म्हणजे लोखंडी ठोकळा, टेकवलेला असतो. बार धरणारा आणि गन चालवणारा यांनी आधी शब्द ठरवून घ्यावेत. बार जागेवर बसला की मागून ‘तयार’, त्याशिवाय ट्रिगर नाही. ‘थांब’ म्हटलं की बोट लगेच वर. गनचा दाब कमी ठेवून सुरू करा आणि टाकाऊ पत्र्यावर जुळवून घ्या. दोन-तीन सेकंदांत रिव्हेट बसला पाहिजे. हळूहळू टुकटुक करत बसलात तर धातू ठोकून ठोकून कडक होतो आणि कडेला तडकतो.

बिघडण्याचे प्रकार ठरलेले आहेत. मागचं डोकं एका बाजूला झुकलं तर बार तिरका होता किंवा रिव्हेट लांब होता. पुढच्या डोक्यावर चंद्रकोरीसारखी खूण उमटली तर गनचा सेट, म्हणजे तिच्या तोंडाशी बसवलेला ठोकणारा तुकडा, घसरला. पत्रा आणि डोक्यामध्ये फट दिसली तर बार लावण्याची घाई झाली.

म्हणून प्रत्येक जरा वाकडा रिव्हेट काढायचा का? बहुतेकदा नाही. काढताना भोक मोठं होण्याचा धोका त्या वाकडेपणापेक्षा जास्त असतो. मापाच्या जवळ असलेला, घट्ट बसलेला रिव्हेट सोडून द्या. फट असेल, तडा असेल किंवा मागचं डोकं फारच लहान असेल, तर मात्र काढा. डोक्यावरच्या खळग्यात बिट टेकवा, फक्त डोक्याच्या उंचीएवढंच खोल जा, भोकात पंच घालून डोकं मोडून टाका. मग मागून लाकडाचा ठोकळा टेकवून दांडा हलकेच बाहेर काढा. सरळ आरपार ड्रिल मारू नका. भोक मोठं झालंच तर एका माप जाड दांड्याचा पण लहान डोक्याचा रिव्हेट मिळतो. बांधणारे त्याला थट्टेने ‘ऊप्स रिव्हेट’ म्हणतात आणि सगळ्यांच्या खणात त्याची एक डबी असतेच.

बोल्ट: हाताच्या अंदाजावर भरवसा नको

कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी बांधलेल्या विमानाची २०१७ साली नोंदणी झाली, तेव्हा आपल्याकडेही हे होऊ शकतं, हे लोकांनी पाहिलं. पण विमानाचा बोल्ट कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाही. एएन ३ चा व्यास ३/१६ इंच, म्हणजे ४.७६ मिलिमीटर. पाच मिलिमीटरचा बोल्ट बसवायला भोक थोडं मोठं करावं, असा मोह होतो. करू नका. एएनच्या पोलादी बोल्टच्या डोक्यावर फुलीसारखी उठावदार खूण असते आणि डोक्यावर दोन रेघा असतील तर तो अॅल्युमिनियमचा. खूण नसलेला बोल्ट विमानात जात नाही.

लांबी अशी बघा: आटे नसलेला गुळगुळीत भाग जोडाच्या जाडीएवढा हवा. आट्यांवर भार आला तर ते भोक किसतात. फरक राहिला तर पातळ किंवा जाड वॉशर घालून भरा. नटच्या बाहेर किमान एक पूर्ण आटा दिसला पाहिजे. शक्य असेल तिथे डोकं वर किंवा पुढे ठेवा, म्हणजे नट निसटलाच तरी बोल्ट खाली पडत नाही.

ताण घेणाऱ्या साध्या नटांसाठी टॉर्क, म्हणजे आवळण्याचा पिळ: एएन ३ ला २० ते २५ इंच-पाउंड, एएन ४ ला ५० ते ७०, एएन ५ ला १०० ते १४०. किटच्या आराखड्यात वेगळा आकडा असेल तर तोच पाळा. गाड्यांच्या गॅरेजमधला पाना फूट-पाउंडात असतो. २५ फूट-पाउंड म्हणजे ३०० इंच-पाउंड, आणि एएन ३ त्याच्या कितीतरी आधी तुटतो. म्हणून लहान, इंच-पाउंडाचाच टॉर्क पाना घ्या. शक्यतो नट फिरवा, बोल्ट नव्हे.

नायलॉनचा लॉकनट मुळातच घासत फिरतो. ते घर्षण आधी मोजा. समजा ८ इंच-पाउंड आलं, तर पान्यावर आकडा २५ नव्हे, ३३ लावायचा. एएन ३ च्या मापाच्या नटचं घर्षण २ पेक्षा कमी भरलं तर नट संपला, फेकून द्या. फायरवॉलपुढे, म्हणजे इंजिन आणि कॉकपिटमधल्या आगरोधक भिंतीच्या इंजिनकडच्या बाजूला, नायलॉन नको, तिथे पूर्ण धातूचे नट लागतात. आणि जो बोल्ट फिरत्या सांध्यात आहे, कंट्रोल रॉडमध्ये वगैरे, तिथे कॅसल नट (वरच्या कडेला खाचा असलेला) आणि त्या खाचेतून बोल्टच्या भोकात जाणारी स्प्लिट पिनच हवी. खाच भोकासमोर येत नसेल तर वरच्या मर्यादेपर्यंत आवळा, तरीही नाही आली तर वॉशर बदला. नट सैल करून खाच जुळवणं म्हणजे स्वतःला फसवणं.

टॉर्क दिल्यावर बोल्ट, नट आणि पत्रा यांवरून रंगाची एक रेघ ओढा. पुढच्या तपासणीत रेघ तुटलेली दिसली की नट हलला हे एका नजरेत कळतं.

इंधनाच्या नळ्यांचा एक नियम इथेच सांगून टाकतो: विमानाचा फ्लेअर, म्हणजे नळीचं पसरवलेलं तोंड, ३७ अंशांचा असतो, गाड्यांचा ४५. गाड्यांचं फ्लेअरिंग हत्यार वापरलं तर नळी बसल्यासारखी वाटते आणि गळते. आणि फ्लेअरला टेफ्लॉन टेप अजिबात नाही. तिचा तुकडा थेट कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रात (जेटमध्ये) जाऊन अडकू शकतो.

बोटं, डोळे, फुप्फुसं

ड्रिल प्रेसजवळ हातमोजे नकोत, ते बिटमध्ये ओढले जातात आणि मागोमाग हात. पातळ पत्रा हाताने धरून भोक पाडू नका. बिट आरपार निघताना पत्रा पकडतं आणि पत्रा पात्यासारखा गरगर फिरतो. टेबलाला क्लॅम्प करा, खाली लाकूड ठेवा.

रिव्हेट गनचा सेट धरून ठेवणारी स्प्रिंग बसवल्याशिवाय हवा जोडू नका. हवेत ट्रिगर ओढलात तर सेट गोळीसारखा सुटतो. सेट बदलताना आधी हवेची नळी काढा. क्लेकोही पक्कड घसरली की थेट डोळ्याकडे येतो, म्हणून चष्मा असला तरी वरून गॉगल, आणि ठोकताना दोघांच्याही कानांवर मफ. बार धरणाऱ्याचे कान बहुतेक वेळा विसरले जातात.

दगडी ग्राइंडरवर अॅल्युमिनियम घासू नका. ते चाकाच्या छिद्रांत भरतं, चाक तापतं आणि फुटू शकतं. कडा गुळगुळीत करायला स्कॉच-ब्राइटचं (खरबरीत नायलॉन तंतूंचं) चाक वापरा. अॅल्युमिनियमचा भुसा आणि गंजलेल्या लोखंडाचा भुसा एकाच डब्यात साठू देऊ नका, ठिणगी पडली तर ही जोडी भयंकर तापाने जळते.

झिंक क्रोमेट प्राइमरमधलं क्रोमियम कर्करोगकारक आहे. तो कोरडा घासताना किंवा फवारताना कापडी मास्क कुचकामी ठरतो. ज्या रंगात आयसोसायनेट असतं, तिथे बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्कच लागतो, कारण एकदा अॅलर्जी जडली की ती जात नाही. पावसाळ्यात कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज सोडा. नाहीतर ते रंगात फोड आणतं आणि गनच्या आत गंज.

कुठलाही भाग कायमचा बंद करण्याआधी आरसा आणि टॉर्च घेऊन आत शिरा, हत्यारं मोजा, क्लेको मोजा. शेपटीच्या पोकळीत काढलेल्या रिव्हेटचे तुकडे हमखास सापडतात. पंख किंवा शेपूट हलक्या हाताने हलवून कान लावा. खळखळ आली तर शोधून काढल्याशिवाय पुढचा पत्रा चढवू नका. चुंबक इथे कामाचं नाही, अॅल्युमिनियम त्याला दाद देत नाही. व्हॅक्यूमच लावा.