लंडनमध्ये ट्यूब (भुयारी रेल्वे) बंद असेल तेव्हा कसं फिरायचं

मुलगा-सून कामावर गेलेत. तुम्ही दोघं डबा, पाण्याची बाटली घेऊन डॉ. आंबेडकरांचं घर बघायला निघालात आणि स्टेशनच्या दारातच पांढऱ्या फळ्यावर मार्करने लिहिलंय की नॉर्दर्न लाइन बंद आहे. अशा वेळी बरेचजण घरी परततात किंवा भरमसाट पैसे देऊन टॅक्सी करतात. दोन्हींची गरज नसते. लंडनमध्ये ट्यूबच्या ११ लाइन आहेत आणि त्यातली एखादी बंद पडली तरी बाकीच्या सहसा चालू असतात. आपल्याला फक्त दुसरी वाट माहीत हवी.

निघण्याआधी: बंद कसला आहे ते बघा

घरातून निघताना शहराची वाहतूक बघणाऱ्या ट्रान्सपोर्ट फॉर लंडनच्या (टीएफएल) संकेतस्थळावर किंवा ॲपवर प्रत्येक लाइनची स्थिती बघायची. 'मायनर डिलेज' असेल तर बिनधास्त निघा. 'सिव्हिअर डिलेज' असेल तर दुसऱ्या लाइनने जा. 'पार्ट सस्पेंडेड' म्हणजे लाइनचा एक तुकडाच बंद आहे. तो तुकडा तुमच्या वाटेत येतो का, एवढंच तपासायचं. 'प्लॅन्ड क्लोजर' म्हणजे आपला रविवारचा मेगाब्लॉक. तो बहुतेक शनिवार-रविवारी असतो आणि आधीच जाहीर होतो, त्यामुळे शुक्रवारी रात्रीच बघून ठेवलेलं बरं.

संपाचं गणित वेगळं. त्याची सूचना बरेच दिवस आधी येते. सप्टेंबर २०२५ च्या संपात ट्यूब चार दिवस जवळजवळ पूर्ण बंद होती. एलिझाबेथ लाइन आणि ओव्हरग्राउंड या शहरातल्या वेगळ्या रेल्वे मात्र चालू होत्या, कारण त्या ट्यूबमध्ये मोडत नाहीत. त्यांच्यावर अर्थातच तुफान गर्दी होती. अशा दिवशी सकाळी दहानंतर निघा आणि चारच्या आत परता.

कार्ड टेकवण्याआधी थांबा

हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून सविस्तर सांगते. गाडी चालू आहे याची खात्री होईपर्यंत गेटवर कार्ड (बँकेचं किंवा ऑयस्टर, म्हणजे टीएफएलचं प्रवासाचं कार्ड) टेकवू नका. आत जाऊन त्याच स्टेशनातून बाहेर आलात तरी पैसे कापले जाऊ शकतात. आधी तिकीट हॉलमध्ये उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला विचारा. 'मला अमुक ठिकाणी जायचंय, कसं जाऊ?' एवढं साधं इंग्रजी पुरतं. त्यांचं भरभर बोलणं कळलं नाही तर कागद-पेन पुढे करा आणि लिहून मागा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

प्रवासभर एकच कार्ड वापरा. जाताना कार्ड आणि येताना त्याच कार्डाचं मोबाइल पेमेंट असं केलंत तर यंत्रणेला ते दोन वेगळे प्रवासी वाटतात आणि दोन अर्धवट प्रवासांचे पैसे जातात. दोघांसाठी एक कार्डही चालत नाही, प्रत्येकाचं वेगळं लागतं. भारतातलं कार्ड नेणार असाल तर परदेशातला वापर आणि कॉन्टॅक्टलेस या दोन्ही सोयी बँकेच्या ॲपमधून निघण्याआधीच चालू करून घ्या. त्या बहुधा बंदच असतात.

दुसरी वाट शोधा

आता आंबेडकरांच्या घराकडे वळू. १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब इथे राहिले आणि २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने हे घर विकत घेतलं. जवळचं स्टेशन चॉक फार्म, नॉर्दर्न लाइनवरचं. ती बंद आहे म्हणून जुबिली लाइन पकडा. वॉटर्लू, वेस्टमिन्स्टर, बेकर स्ट्रीट यांपैकी कुठूनही ती मिळते. स्विस कॉटेजला उतरा आणि कॅम्डन टाउनकडे जाणारी ३१ नंबरची बस घ्या. ती चॉक फार्मला सोडते आणि तिथून घर पायी जाण्याच्या अंतरावर आहे.

बसस्टॉपवर एक गोष्ट नीट बघा. खांबावरच्या लाल गोलात एक इंग्रजी अक्षर असतं आणि खाली ही बस कुठल्या दिशेने जाते ते लिहिलेलं असतं. एकाच नंबरची बस रस्त्याच्या दोन्ही बाजूंना थांबते, त्यामुळे नंबर बघून चढलात आणि दिशा बघितली नाहीत तर उलट्या टोकाला पोहोचाल. स्टेशनबाहेरच्या नकाशावर कुठल्या बससाठी कुठलं अक्षर ते दिलेलं असतं. बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत. चढताना कार्ड टेकवायचं, उतरताना नाही. पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून एका तासात कितीही बस बदलल्या तरी एकाच भाड्यात भागतं, म्हणून बस मध्येच थांबवली तर मागची बस बिनघोर पकडा.

मध्य लंडनमध्ये तर चालणंच बरं. लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन हे अंतर जेमतेम पाव किलोमीटर आहे. ट्यूबच्या नकाशावर ते कळतच नाही.

गाडीत असताना घोषणा झाली तर

घाई करू नका. मोठ्या खोळंब्यात ट्यूबचं तिकीट ठराविक बस आणि इतर गाड्यांवर चालेल, असं बऱ्याचदा जाहीर करतात. 'टिकिट्स विल बी ॲक्सेप्टेड' हे शब्द कानावर पडले की पुढची नावं नीट ऐका. ट्यूबला १५ मिनिटं किंवा जास्त उशीर झाला तर भाडं परत मागता येतं. त्यासाठी ऑयस्टर कार्ड ऑनलाइन खात्याला जोडलेलं हवं आणि २८ दिवसांत अर्ज करायला हवा. संपासाठी मात्र परतावा नाही.

विमान पकडायचं असेल तर

हीथ्रोला जाताना पिकॅडिली लाइनच्या भरवशावर बसू नका. एलिझाबेथ लाइन, पॅडिंग्टनहून सुटणारी हीथ्रो एक्सप्रेस आणि व्हिक्टोरियाहून जाणारी कोच (लांब पल्ल्याची बस), या तिन्ही वाटा डोक्यात असू द्या. संपाच्या दिवशी नेहमीपेक्षा निदान दीड तास आधी निघा.

आईबाबा पहिल्यांदा एकटे बाहेर पडतात तेव्हा मी त्यांच्या खिशात एक कागद देते. त्यावर घराचा पत्ता पोस्टकोडसह, वेगवेगळ्या लाइनवरची जवळची दोन स्टेशनं, घराजवळ येणाऱ्या दोन बसचे नंबर आणि माझा फोन, सगळं इंग्रजीत आणि ठळक अक्षरांत. मोबाइलची बॅटरी संपली तरी तो कागद कुणालाही दाखवता येतो.