आठवण असते, सापडत नाही : पार्किन्सन्समध्ये विचारायचं कसं

‘काल कोण आलं होतं?’ विचारलं की उत्तर येतं, ‘आठवत नाही.’ ‘बहीण की शेजारी?’ म्हटलं की लगेच ‘बहीण’, वर ती काय बोलली तेही. घरच्यांना हे सोंग वाटतं, पण तसं नसतं. पार्किन्सन्स आणि हंटिंग्टन (हालचाली बिघडवणारा आनुवंशिक मेंदूविकार) यांमध्ये मेंदूत खोलवर असलेल्या बेसल गँग्लिया या पेशीसमूहांना कपाळामागच्या मेंदूशी जोडणारे मार्ग बिघडतात, आणि साठवलेलं शोधून काढण्याचं काम बरंचसं त्यांच्यावर असतं. अल्झायमरमध्ये मुळात नोंदच कच्ची होते, त्यामुळे तिथे खूण देऊनही फारसं हाती लागत नाही. अर्थात काही पार्किन्सन्स रुग्णांमध्ये दोन्ही अडचणी असतात.

घरी अंदाज घ्यायचा असेल तर औषधाचा परिणाम चांगला असतानाची वेळ निवडा. एक फूल, एक रंग, एक अवयव, एक वाहन, एक पक्षी असे 5 शब्द मोठ्या अक्षरांत लिहा. ते मोठ्यानं वाचायला लावा आणि ‘यातला पक्षी कोणता?’ असं प्रत्येक शब्दाबद्दल विचारा. ही पायरी गाळली तर शब्द नीट मनात गेला होता की नाही हेच कळत नाही. कागद उचला, 20 मिनिटं इतर गप्पा मारा. मग आधी नुसतं ‘कोणते शब्द होते?’, राहिलेल्यांसाठी ‘एक पक्षी होता’, तरीही अडलं तर तीन पर्याय. प्रकार सांगितल्यावर शब्द आले, तर अडचण शोधण्यात आहे. पर्यायांतही चुका होत असतील, तर नोंदीतच गडबड असू शकते. तीनांतलं एखादं उत्तर अंदाजानंही बरोबर येतं, म्हणून एकावर भरवसा नको. हे निदान नव्हे. निकाल लिहून न्यूरॉलॉजिस्टला दाखवा.

रोजच्या बोलण्यात सर्वात अवघड गोष्ट म्हणजे थांबणं. प्रश्न विचारून मनात 10 आकडे मोजा. विचारांचा वेग मंदावलेला असतो, चेहरा निर्विकार आणि आवाज बारीक असतो. त्यामुळे शोध चालू असतानाच ‘याला कळलंच नाही’ असं समजून आपण मध्ये तोंड घालतो. दुसऱ्या शब्दांत विचारलेला तोच प्रश्न त्याच्यासाठी नवा असतो, शोध पुन्हा पहिल्यापासून. नाहीच जमलं तर जागा किंवा प्रसंगाची खूण द्या, शेवटी दोन पर्याय. ‘बहीण आली होती ना?’ असं विचारू नका. सुटका म्हणून ‘हो’ येतं. पर्यायांचा क्रमही बदलत राहा, नाहीतर शेवटचा ऐकलेला शब्दच परत येतो.

‘आठ वाजता गोळी घे’ हे लक्षात राहणं कठीण, कारण घड्याळाकडे पाहायचंही आपणहून आठवावं लागतं. ‘दात घासले की गोळी’ त्यामानाने सोपं. गजर लावला तर गोळी हातात आल्याशिवाय तो बंद करायचा नाही. वारांचे कप्पे असलेली डबी ठेवा. घेतली की नाही, हे रिकामा कप्पा सांगतो.

औषधांची यादीही तपासून घ्या. कंपासाठीचं ट्रायहेक्सिफेनिडिल, लघवीसाठीचं ऑक्सिब्युटिनिन, तसंच अमिट्रिप्टिलिन ही औषधं स्मरणाला लागणाऱ्या अॅसिटिलकोलिन या मेंदूतल्या रसायनाला अडवतात आणि स्मरण आणखी ढासळतं. मात्र ती परस्पर बंद करू नका, डॉक्टरांकडून टप्प्याटप्प्यानं कमी करून घ्या. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत अचानक गोंधळ वाढला, तर तो आजाराचा वेग समजू नका. लघवीचा संसर्ग, शरीरात कमी पडलेलं पाणी किंवा नुकतंच बदललेलं औषध कारण असू शकतं; त्याच दिवशी डॉक्टर गाठा.